तालुका कमिटीने मागितलेली माफी

॥ श्री ॥

चोपडा,
दि. ४ मार्च १९९१

ती. गं. भा. वच्छलाअक्कास,
धाकट्या आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षीही अक्कल न आलेल्या चुडामणचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, युद्ध संपलं. गुरुवारी रेडिओवर ऐकलं. इराक कुवेतमधून बाहेर पडला, अमेरिकेने तोफा थांबवल्या आणि आता युनोत बसून तहाच्या अटी ठरणार आहेत. एवढ्या लांबच्या लोकांचं दीड महिन्यात मिटलं. फक्त चोपडा आणि धुळे यांच्यातलं मिटत नाही. तू धुळ्यात जावयांच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतेस, शिवाय निवृत्त मास्तरीण, त्यामुळे या कामाला तुझ्याइतकं लायक माणूस मला दुसरं दिसत नाही.

तुला जावई हिलालरावांकडून त्यांची बाजू कळली असेलच. माझी बाजू त्याहून वाईट आहे, तीही ऐकून घे.

जानेवारीच्या अखेरीस बोदवडला आपल्या चुलत्याच्या तोतारामकडे लग्न होतं. तू नाशिकला होतीस म्हणून वाचलीस. पंगतीत मी आणि जावई शेजारी शेजारी. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तूप. अशा वेळी शहाणा माणूस जेवतो. पण त्याच आठवड्यात अमेरिकेच्या लष्करी विमानांना आपल्या सरकारने मुंबईत तेल भरू दिल्याची बातमी आली होती, आणि हिलालराव म्हणाले की इतक्या वर्षांचं अलिप्त धोरण सरकारने एका टाकीत बुडवलं. ते पडले भूगोलाचे मास्तर आणि विरोधी पक्षाचे. आपला पक्ष तेव्हा सरकारला बाहेरून पाठिंबा देत होता. म्हणजे सरकार आपलं नाही, पण त्याची बाजू घेणं आपल्या अंगावर. मी तालुका कमिटीचा उपाध्यक्ष. तसे आम्ही पुष्कळ उपाध्यक्ष आहोत, पण त्या पंगतीत मी एकटाच होतो.

मी ताटात बट्टीचा तुकडा कुवेत म्हणून मांडला, वांगं इराक म्हणून मांडलं, वरणाचं आखात केलं आणि परराष्ट्र धोरण समजावायला घेतलं. दारी आलेल्या तहानलेल्याला नाही म्हणू नये, मग तो माणूस असो की विमान, असंही मी बोललो. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या, त्याने मला आणखी चढलं. तेवढ्यात हिलालराव म्हणाले की कुवेत त्या बाजूला नाही, या बाजूला आहे, आणि त्यांनी माझी बट्टी उचलून पलीकडे ठेवली. अक्का, माझ्या ताटातली बट्टी! तिथे माझं डोकं फिरलं. मी चारचौघांत बोलून गेलो, की जे सासऱ्याने दिलेल्या मोटारसायकलवर फिरतात, त्यांनी कोणी कोणाच्या टाकीत तेल भरावं हे शिकवू नये.

ते भरल्या ताटावरून उठले. आठवडाभराने केळी भरायला येणाऱ्या एका रिकाम्या ट्रकमधून ती राजदूत गाडी माझ्या अंगणात उतरली. दोन देशांचं बिनसलं की राजदूत परत पाठवतात, हे मी सभांतून पुष्कळदा सांगितलं आहे. हमाल लावून उतरवून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

पुढची गंमत तर ऐक. फेब्रुवारीत दिल्लीत आमच्या पक्षाची भूमिका फिरली. विमानांत तेल भरणं चूक, असं वरून कळलं, आणि तालुका कमिटीत सरकारच्या निषेधाचा ठराव मीच मांडला. भाषण चांगलं झालं. घरी येऊन बसलो तेव्हा ध्यानात आलं की मी हिलालरावांचंच बोलणं शब्दाशब्दाने बोलून आलो आहे. म्हणजे ज्या मतासाठी मी जावई घालवला, ते मत आता माझ्याकडेही नाही.

हसू नकोस, कारण खाली जे लिहितो ते हसण्यासारखं नाही. भिकूला पाचवा लागला आहे. आमची पहिली दोन लेकरं जगली नाहीत, तेव्हा देवीपुढे पदर पसरून ही एक मागितली आणि भिकू नाव ठेवलं, हे तुला मी काय सांगायचं. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, आपल्या या घरात व्हायला पाहिजे. वैशाख यंदा अधिक आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला रीतसर बोलवायचं आणि भिकूलाही तेव्हाच आणायचं, असं माझ्या मनात होतं. तेव्हा तिला सातवा असेल. आठवा लागला की कोणी बाईला एसटीत बसवत नाही. म्हणजे धोंड्याचा महिना गेला की सगळं गेलं. बठ्ठं गाव विचारतं, भिकूला कधी आणणार. एकटी तिची आई, धुरपदा, काही बोलत नाही. विषय काढला की उठून चुलीपाशी जाते. तिचा हा असहकार मला दिल्लीच्या राजकारणापेक्षा जड जातो आहे.

तू एकदा जाऊन ये आणि अटी काय आहेत त्या कळव. लोभ आहेच, तो बाहेरून पाठिंब्यासारखा नसावा ही विनंती.

तुझा,
चुडामण

---

॥ श्री ॥

धुळे,
दि. १२ मार्च १९९१

चि. चुडामण यास,
वच्छलाचे अनेक आशीर्वाद. सगळे आजच वापरू नकोस, पुढे लागतील.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा कपाळाला हात लावला. अरे, लहानपणी तू गोट्या हरलास की खेळाचे नियम बदलायचास. आता पक्ष तुझ्यासाठी ते काम करतो, एवढाच फरक.

तू लिहिलंस आणि दोन दिवसांत दिल्लीचं सरकारच गेलं. आता निवडणुका होणार म्हणतात. म्हणजे ज्यांनी तेल भरू दिलं ते घरी बसले, ज्यांनी भरलं ते आपल्या देशी चालले, आणि तुम्ही दोघे अजून ताटावर बसून आहात.

मी रविवारी भिकूकडे गेले. पोरीची तब्येत बरी आहे, पाय जरासे सुजतात. घरात तिचा सासरा चिंधानाना ओट्यावर सुंभ वळत बसला होता. त्याने मला बसायला घोंगडी टाकली, खुशाली विचारली, तुझं नाव काढलं नाही. मग हिलाल शाळेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन आला. मी विषय काढला, तर अर्धा तास आखात, युनो आणि तेलाचं राजकारण मला ऐकावं लागलं. माझ्या लक्षात आलं ते सांगते. तोही तुझ्यासारखाच अडकला आहे. तुझ्या पक्षाची आणि त्याच्या पक्षाची भूमिका एकच झाल्यामुळे त्याला रागवायला जागा उरलेली नाही. आता तो म्हणतो, तुम्हाला शहाणपण सुचलं ते उशिरा सुचलं, हा खरा मतभेद आहे. मी म्हटलं, बाबा रे, शहाणपण उशिरा सुचणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे, तू बायको केलीस तेव्हाच चौकशी करायची होतीस.

भिकूने मला आत नेऊन सांगितलं. ती म्हणते, यांना सोडून मी एकटी धोंड्याला यायची नाही. यांना मानाने बोलवा, मग येईन. आणि हिलालचं म्हणणं असं, की जे चारचौघांत बोलले गेले ते चारचौघांत परत घेतलं जावं. मला यात वावगं काही वाटत नाही. जे सांडलं ते ज्याने सांडलं त्यानेच पुसायचं असतं.

मी मध्यस्थ म्हणून यापलीकडे काही करणार नाही. तू काय करायचं ते तुला कळतं. कळत नसेल तर धुरपदाला विचार.

तिला माझा नमस्कार सांग. लोभ मी करतेच आहे, तू थोडी अक्कल कर.

तुझी,
वच्छलाअक्का

---

॥ श्री ॥

चोपडा,
दि. २ एप्रिल १९९१

ती. अक्कास,
तोंड लपवून बसलेल्या चुडामणचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दार लावून लिहितो आहे. तुला बातमी कळली असेल, कारण ती वर्तमानपत्रात आली आहे.

तू लिहिलंस की चारचौघांत परत घे. मी विचार केला, चारचौघं कुठे मिळतील. बोदवडची ती पंगत पुन्हा बसवता येणार नाही. आणि खरं सांगू, अक्का? तीस वर्षं राजकारण केलं, तर मला माफी मागायची एकच पद्धत येते. ठराव मांडायचा, अनुमोदन घ्यायचं, इतिवृत्तात लिहायचं. युनो तरी दुसरं काय करते! म्हणून मी तालुका कमिटीच्या बैठकीत शेवटच्या विषयाला, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी, ठराव मांडला: बोदवड मुक्कामी झालेल्या वक्तव्याबद्दल श्री. हिलाल चिंधा पाटील यांची माफी मागण्यात येत आहे.

मला वाटलं होतं, लोक हसून मंजूर करतील आणि उठतील. पण चहा यायचा होता, त्यामुळे चर्चा झाली. एकजण म्हणाला, माफी हा शब्द निवडणुकीच्या तोंडावर बरा दिसत नाही, दिलगिरी करा. दुसरा म्हणाला, दिलगिरीने चूक मान्य होते, खेद करा. तिसऱ्याने सुचवलं की दोन्ही बाजूंनी झालेल्या वक्तव्यांबद्दल असं म्हणा, म्हणजे समतोल राहतो. आमचा दुसरा उपाध्यक्ष रुपचंद माझ्या विरुद्ध गटाचा आहे हे तुला माहीतच आहे. तो उठला आणि म्हणाला, की विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याशी असा जाहीर समेट करण्यामागे चुडामण आबांचा राजकीय हेतू काय? झालं! दोन गट पडले. माझी माफी मतदानाला टाकली. आणि अक्का, मी माझ्याच ठरावाच्या दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं, कारण माझा गट दुरुस्तीच्या बाजूने होता. हात वर गेल्यावर मला कळलं.

शेवटी मंजूर झालं ते असं: श्री. हिलाल पाटील यांच्या संदर्भात दोन्ही बाजूंनी झालेल्या वक्तव्यांबद्दल खेद व्यक्त करून ही कमिटी आखाती प्रश्नावर पक्षाच्या भूमिकेचा पुनरुच्चार करते. मी पुढचं काही बोलायच्या आत सेक्रेटरीने ते टाइप करून, शिक्का मारून धुळ्याला पाठवलं, एक प्रत जिल्हा कार्यालयाला. तिसरी प्रत रुपचंदने वर्तमानपत्राला दिली असणार. छापून आलं, चोपड्यात जावयापुढे पक्षाची माघार.

आज सकाळी न्हाव्याने मला विचारलं, की आबा, आता व्याह्यांचा ठराव कधी? पैसे घेतले नाहीत. एवढं चांगलं हसणं त्याला फुकट मिळालं होतं.

धुरपदाला मी वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, तुम्हनी कमिटी चुल्हामा घाला, आणि भाकरी थापायला लागली. भिकूबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं की तुला लेक घरी यावी असं वाटत नाही का. तिने भाकरी उलटली. एवढा राग मी तिचा कधी पाहिला नव्हता.

आता काय करू ते सांग. या वेळी तू सांगशील तेच करेन, कमिटीपुढे न ठेवता. लोभ कमी झाला असल्यास दुरुस्तीसह मंजूर करावा.

तुझा,
चुडामण

---

धुळे,
दि. ८ एप्रिल १९९१

ती. स्व. आबा यांस,
हिलालचा सा. न.

आपल्या तालुका कमिटीचा ठराव मिळाला. वर्तमानपत्रातलं कात्रण त्याआधीच शाळेच्या स्टाफरूममध्ये फळ्यावर टाचलेलं होतं. एका सहकाऱ्याने त्याखाली खडूने लिहिलं होतं की ठरावाची प्रत सुरक्षा समितीला पाठवावी. मीही हसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

हे पत्र मी भांडणासाठी लिहीत नाही. मी बोदवडला जे बोललो त्यात मीही मास्तरकी केली. वयाने मोठ्या माणसाच्या ताटात हात घालून देश सरकवणं हे काही बरं नाही, तेव्हा त्याबद्दल मला क्षमा करावी. कुवेत मात्र मी म्हटलं तिथेच आहे.

पण आबा, विमानांचं राहू द्या. मी विमानांसाठी उठलो नव्हतो. माझे नाना तुमच्या समोरच्या ओळीत बसले होते. लग्नात तुम्ही गाडी देऊ केलीत तेव्हा ते नको म्हणाले होते, हे तुम्हाला आठवत असेल. आम्हाला पेट्रोल परवडणार नाही, पोराला सायकल पुरे, असं ते म्हणाले. तुम्ही म्हणालात, एकच लेक आहे, मला हौस करू द्या, आणि बँड लावून गाडी आणलीत. नाना तुमच्या हौसेला नाही म्हणू शकले नाहीत. त्याच गाडीवरून तुम्ही चारचौघांत बोललात तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. मी उठलो तो ते पाहून. ते तेव्हापासून या विषयावर माझ्याशीही बोलले नाहीत. तुमच्या ठरावात माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं.

गाडी परत पाठवली ती रागाने नाही. ती दारात उभी राहिली की नाना दुसऱ्या दाराने जायचे.

भिकूला मी अडवलेलं नाही. तिने स्वतः ठरवलं आहे, आणि तिचा हट्ट कोणावर गेला आहे हे मी सांगायला नको.

ती. आईंना नमस्कार. आपली कृपा ठरावाविना असू द्यावी.

आपला,
हिलाल

---

धुळे,
दि. १३ एप्रिल १९९१

चि. चुडामण यास आशीर्वाद.

कार्डावर मावेल एवढंच लिहिते. हिलालने तुला काय लिहिलं ते मला दाखवलं. दोन महिने तू अमेरिकेची, इराकची, दिल्लीची आणि रुपचंदची समजूत काढत बसलास. ज्याची काढायची तो म्हातारा इथे ओट्यावर सुंभ वळतो आहे. तू याडा शे, आणखी काय म्हणू.

स्वतः ये. कोणाला बरोबर आणू नकोस. टोपी धुतलेली घाल. परवापासून अधिक महिना लागतो.

लोभ आहे, म्हणून तर एवढं बोलते.

वच्छलाअक्का

---

॥ श्री ॥

धुळे,
दि. २९ एप्रिल १९९१

ती. आईस,
भिकूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आबाच तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांनाच सांगते. आबा, एकही ओळ गाळायची नाही. तुम्ही घरी जाऊन काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. प्रवास ठीक झाला, सगळे मजेत आहेत, मिटलं. एवढंच ना? आता जे झालं ते ऐका.

आई, गेल्या रविवारी आबा अमळनेरहून येणाऱ्या दुपारच्या गाडीने आले. ऊन असं, की अंगणात पाय ठेववत नव्हता. टोपी धुतलेली होती. हातात कागद होता, गाडीत बसून लिहिलेलं भाषण. नाना ओट्यावर होते. आबांनी ओट्याखालीच उभं राहून सुरू केलं की आदरणीय व्याही आणि उपस्थित मंडळी. उपस्थित मंडळी म्हणजे मी आणि शेजारची शेळी.

नाना उठले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. आबांनी सवयीने हात जोडले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत. चार वर्षांत आबा इथे जेव्हा जेव्हा आले तेव्हा हॉटेलात चहा घेऊन आले, ते तुला माहीतच आहे. त्यात तू माझ्यासाठी किती जपतेस. पण त्या दिवशी ते हात जोडलेले पाहून नानांचा चेहरा असा उतरला, की मला दारात उभं राहवेना. तांब्या तसाच पुढे धरलेला. मग नाना एवढंच म्हणाले, की याही, घसा कोरडा ठेईसन कसानी माफी मांगतस?

हे आतून आले. मला वाटलं आता पुन्हा पेटणार. पण हे म्हणाले की आबा, दारी आलेल्या तहानलेल्याला नाही म्हणू नये हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो, आता तहानलेलाच नाही म्हणायला लागला तर धोरण कोणतं लावायचं?

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तांब्या घेतला आणि सगळा प्यायले. आई, थोडं पाणी हातातल्या भाषणावर सांडलं. कागद ओला झाला. मग ते भाषण न करता म्हणाले, नाना, मी तुमचा अपमान केला, चुकलो. आणि रडले. नानांनी त्यांना वर ओढून घोंगडीवर बसवलं आणि केळीला यंदा भाव काय, असं विचारलं. थोड्या वेळाने हे आणि आबा इराकवरच्या निर्बंधांवरून जे सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत. आवाज चढले होते, पण कोणी उठलं नाही. नाना मधेच मला म्हणाले, दोन्हीस्ले भूक लागनी शे, वाढ.

आई, तू घाबरशील म्हणून मी हे लपवणार होते. पण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. पाणी घेतलं त्याने मला काही झालेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. धोंड्याला आम्ही दोघं येणार हे ठरलं होतं, पण परवा डॉक्टरीणबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या की रक्तदाब वाढला आहे, पायाची सूज चांगली नाही, एसटीने कुठे जायचं नाही. पडून राहायचं आणि बाळंतपण इथेच. महिनाभर आधी माहेरी आले असते तर जमलं असतं, असंही म्हणाल्या. आबा, ही ओळ गाळू नका म्हणून मी सुरुवातीलाच लिहिलं.

मी घरी यायचे ते आता येता येत नाही. आई, तूच इथे येशील का? राहायचं म्हणजे इथलंच जेवायचं, इथलंच पाणी. लोक बोलतील. नाना म्हणतात की त्यांना आम्ही पाहून घेऊ. मला तू हवी आहेस.

तुझी,
भिकू

---

॥ श्री ॥

चोपडा,
दि. १६ मे १९९१, आखाजी

ती. अक्कास,
एकट्याने भाकरी करून हात भाजून घेतलेल्या चुडामणचा शि. सा. न. वि. वि.

धुरपदा सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. भिकूचा दाब थोडा उतरला हे वाचून तीन वेळा देवाला हात जोडले. चिंधानानांनी तिच्यासाठी आतली खोली मोकळी करून दिली आणि स्वतः ओट्यावर झोपतात, हेही तू लिहिलंस.

आज आखाजी. गावातल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या आहेत. कडुलिंबाच्या झाडांना झोके बांधले आहेत, पोरी गाणी म्हणताहेत, घराघरात पुरण शिजतं आहे. माझ्या घरी काल रात्रीची खिचडी आहे. लोक विचारतात, आबा, लेक आली का, आणि मी सांगतो, यंदा आमचं माहेरच सासरी गेलं. ते हसतात, मी पण हसतो. प्रचाराला हे वाक्य बरं पडतं.

पण तुला पत्र लिहितो आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

भिकूचं पत्र मी धुरपदाला वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. पाण्याचं वाचताना मला वाटलं ती देवघरात जाऊन बसेल. ती ऐकत राहिली. महिनाभर आधी आले असते तर, ही ओळही वाचली. वाचून झाल्यावर ती उठली आणि गाठोडं बांधायला लागली. जुनी लुगडी, बाळंतिणीचा शेपा, डिंक, सगळं भराभर. तिचं तोंड मला उजळलेलं दिसलं. मी मनात म्हटलं, लेक घरी येत नाही आणि हिला आनंद कसला होतो आहे.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. गाडी भरली, कंडक्टरने बेल दिली, तेव्हा तिने खिडकीतून मला जवळ बोलावलं. म्हणाली, मन्ही पोर त्या खोलीमा बाळंत व्हवो, असं मन्हा मनमा कधीच नव्हतं. तिथे दोन गेली, तिसरी जाईल की काय, या भीतीने तिला सगळा चैत्र झोप नव्हती. रीत मोडा असं बाईने म्हणायचं कसं, आणि तुम्ही एवढ्या हौसेने भांडत होतात, म्हणून ती गप्प राहिली. मग गाडी गेली.

अक्का, मी तिथेच उभा राहिलो. जी गोष्ट मिळवायला मी जावयाशी भांडलो, तुला मध्यस्थ केलं, कमिटीत मतदान घेतलं, वर्तमानपत्रात हसं करून घेतलं, ती गोष्ट या घरात माझ्याशिवाय कोणालाच नको होती. मी ज्याला तिचा राग समजत होतो ती भीती होती. तीस वर्षं एका घरात राहून मला ती ओळखता आली नाही, आणि मी लोकांना सांगत फिरतो की कोणत्या देशाच्या मनात काय आहे.

त्याच संध्याकाळी अडावदला प्रचारसभा होती. माझ्याकडे विषय दिला होता, आखाती युद्धानंतर भारताचं स्थान. मी उठलो, माइक धरला, आणि मला काही सुचेना. शेवटी म्हणालो की या विषयातलं मला काही कळत नाही, मंडळी, माफ करा, आणि बसलो. टाळ्या एवढ्या पडल्या की रुपचंदने माझ्याकडे वळून पाहिलं. आता तो सगळ्यांना सांगतो आहे की चुडामणने भाषणाची नवी तऱ्हा काढली.

ती खोली मी काल उघडली. तिच्यात आता ठरावांची, इतिवृत्तांची, जुन्या निवडणुकांच्या याद्यांची बाडं आहेत. लहान खोली, खिडकी नाही. भिकूच्या आधीच्या दोघांना मी तिथेच पाहिलं होतं, आणि मग परत कधी त्यांच्याबद्दल घरात बोललो नाही. धुरपदाशीही नाही. त्या वेळी मी पंचायतीच्या निवडणुकीत होतो.

अक्का, मला घरात बसवत नाही आणि सभेतही बोलवत नाही. निवडणूक होईल, कोणी तरी येईल, कोणी तरी जाईल, माझ्यावाचून काही अडणार नाही हे मला या महिन्यात पक्कं कळलं. भिकूला त्रास सुरू होईल तेव्हा मला ओट्यावर तरी बसून राहायचं आहे. धुरपदा आत असेल आणि मी बाहेर असेन, एवढंच. मी कोणाशी वाद घालणार नाही. हिलालरावांनी वाद काढला तर ऐकून घेईन.

पण या वेळी मला कोणी बोलावलेलं नाही, आणि न बोलावता जायचा मला हक्क आहे की नाही हे मला समजत नाही. आजवर मी विचारून कुठे गेलो नाही. तुझा लोभ आहे म्हणून तुलाच विचारतो. नानांना, हिलालरावांना आणि धुरपदाला विचारून कळव, मी येऊ का?

तुझा,
चुडामण